लेकीच्या न्हाणाला हात न लावणारी रकिया

मोरोक्कोतल्या फेस शहरातल्या आमच्या हमामात बायकांची अंगं घासायचं काम रकियाचं. मी दाराशी बसून पैसे घेते, आणि आतबाहेरच्या बातम्याही. रकियाच्या हाताखालून गेलेली बाई सोललेल्या बदामासारखी बाहेर पडायची, म्हणून नवरीच्या न्हाणाला तिलाच बोलावणं असे. नवरीमुलींसाठी तिचा एक वेगळा खरखरीत हातमोजा होता. तो ती कधी उकळत नसे, बरकत जाते म्हणे. बरकतीबरोबर त्यात आणखी काय मुरत होतं, ते कोण बघणार!

रकियाला गळवं सुरू झाली ती दंडापासून. मग मांडीवर, मग काखेत. दर वेळी ती औषधवाल्याकडून गोळ्या आणायची आणि ठणका थांबला की बंद करायची.

"अगं, पुऱ्या तरी घे," मी ओरडायचे.

"बरं वाटतंय ना? उरलेल्या तू घे, तुझी जीभ तरी थंड होईल."

शेवटी काखेतलं गळू असं सुजलं की हात वर होईना. मीच तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गळू फोडून पू तपासायला पाठवला.

"या जंतूला नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत," निकाल पाहून बाई म्हणाल्या. "गोळ्यांनी मरणारे मेले, न मरणारे उरले. ते तुमच्या नाकात तळ ठोकून बसलेत. कातडीला ओरखडा पडला की आत शिरतात, म्हणून गळवं परत परत येतात." त्यांनी दुसरं औषध दिलं, नाकासाठी मलम दिलं, टॉवेल उकळायला सांगितले. "आणि घरातल्यांनाही तपासायला आणा."

घरात होती एकटी इब्तिसाम, तिची मुलगी. तिचं लग्न तोंडावर आलेलं.

"तिला नाही आणणार," रस्त्यात रकिया म्हणाली. "मुलाच्या आईला कुणकुण लागली तर लग्न मोडेल."

"आणि पोरीला झालं असेल तर?"

"मी तिला हातच लावणार नाही. मग तर झालं?"

मला भयंकर संताप आला. पण तिने शब्द पाळला. काम सोडलं, तो हातमोजा पाणी तापवायच्या भट्टीत टाकला आणि लेकीचं न्हाण हमामातल्या दुसऱ्या घासणारीला, हनियाला सांगितलं. हनियाचं आणि तिचं कधी पटलं नाही, आणि हनियाच्या तोंडाला झाकण नाही.

न्हाणाच्या दिवशी मेणबत्त्या लागल्या, मुलाची आई मानाने आत जाऊन बसली.

"आई, गावभरच्या पोरींना घासलंस, मलाच का नाही?" इब्तिसामने दारात विचारलं.

"खांदा धरलाय गं. जा, पाणी निवतंय."

पोरगी वळताच रकिया रडायला लागली. तिच्यावरचा माझा राग कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात आतून हनियाचा आवाज घुमला, "अगंबाई! मांडीला केवढं हे गळू! थेट आईसारखं! कधीपासून लपवतेयस गं?"

इब्तिसामचं रडणं बाहेर ऐकू आलं.

"आईला नका सांगू. ती लग्न पुढे ढकलेल."

रकिया कपड्यांनिशी आत शिरली. मुलाच्या आईसमोर तिने लेकीला धुतलेल्या चादरीत गुंडाळलं.

"उठ, कपडे घाल," ती म्हणाली. "इस्पितळात जायचंय. ज्यांना ऐकायचंय त्यांनी ऐका."