इंद्रायणीताईंची खिडकी

तुंगार्लीच्या आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यात बातमी आली की इंद्रायणीताईंना वेड लागलं. सोमाटण्याजवळच्या मनोरुग्णालयात दिवसभर ठेवतात आणि नवरा कामाला जाते म्हणून सांगतो. बातमी भामाबाईंची, म्हणजे अर्ध्या तासात तळ्यापर्यंत पोचलेली.

"म्या माज्या डोळ्यानं बगितली. गजाआड हुबी. गळ्यात डोरलं न्हाई, वढणी न्हाई, केस मोकळं. मला बगून खिडकीला अशी चिकाटली, जणू बाहीरच येती."

आता खरं सांगायचं तर इंद्रायणीताई बावीस वर्षं तिथं नर्स आहेत, आणि हे भामाबाईंनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या डोक्यातली नर्स पांढऱ्या कपड्यातली. बायकांच्या बंद वॉर्डात पांढरे कपडे नसतात. आत जाण्याआधी मंगळसूत्र, ओढणी, केसांचे आकडे, सगळं कपाटात ठेवायचं. गळ्याभोवती आवळेल किंवा टोचेल असं काही आत न्यायचं नाही. मग दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. त्यापलीकडे नर्स कोण आणि पेशंट कोण, हे खाली फाट्यावर जीप भरायची वाट बघणाऱ्या बाईला कसं कळावं? भामाबाईंची चूक माफ. गल्लीची माफ नाही, कारण गल्लीला ते खरं असावंसं वाटत होतं. रोज संध्याकाळी आम्ही विचारायचो, "आज काय झालं गं तुमच्याकडं?" आणि इंद्रायणीताई म्हणायच्या, "आमटी खारट होती." बावीस वर्षं खारट आमटी ऐकून माणूस किती उपाशी राहील?

खिडकीला चिकटल्या, हे मात्र भामाबाईंनी बरोबर बघितलं होतं.

ताईंच्या मागे, आत, चंद्रिकाकाकू होत्या. त्याच गल्लीतल्या, श्रीपाद सरांच्या पत्नी. "लेकीकडे बेंगळुरूला गेलीय," असं सर सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे काकूंना जगणंच नको झालं होतं, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की यांना हाताच्या अंतरावर ठेवा, नजरेआड करू नका. ओळखीची पेशंट आहे, दुसऱ्या कुणाला द्या, असं ताईंनी मेट्रनला सांगून पाहिलं. माणसं नव्हती. आणि काकू दुसऱ्या कुणाच्या हातून पाणीही घेईनात.

म्हणून सकाळी सात ते तीन, इंद्रायणीताई त्यांच्या सावलीसारख्या. काकू मोरीत गेल्या तरी दार अर्धं उघडं आणि ताई बाहेर उभ्या. दर पंधरा मिनिटांनी कागदावर नोंद. "होईल सगळं ठीक," असं म्हणायची बंदी नव्हती, पण ताई म्हणत नसत. काकू एकदा म्हणाल्या, "तुलाही कोंडलंय गं माझ्यामुळे." ताई म्हणाल्या, "व्हय तर. बसू या दोघी." आणि बसल्या.

काकूंना बरं वाटे ते फक्त खिडकीशी. त्या दुपारी खाली फाट्यावर भामाबाई दिसल्या, हातात भाजीची पिशवी, तोंड वर. विचार करायला वेळच नव्हता. ताई पुढे सरकल्या, खांदे रुंद केले आणि अख्खी खिडकी अंगानं भरून टाकली. काकू मागे राहिल्या. भामाबाईंना दिसल्या त्या एकट्या इंद्रायणीताई.

हे आता लिहितोय, कारण काकूंनीच यंदा गच्चीवर पापड वाळत घालताना चारचौघींत सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "लिहायचं तर लिहा, फक्त मला बारीक करून लिहा." तेव्हा मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच वल्लरीचं जमत होतं. ताईंची एकुलती एक लेक, मुलगा तळेगावचा, दोघं एकाच ऑफिसात; दोघांनी ठरवूनच टाकलेलं. तरी आमच्याकडे बघण्याच्या कार्यक्रमाआधी मुलाकडच्यांचा फोन गल्लीतल्या दोन घरी येतोच. आला. एका घरानं सांगितलं, "मुलगी सोन्यासारखी आहे. आईचं मात्र..." आणि तिथंच थांबलं. ते घर कुठलं, हे विचारू नका.

हे वल्लरीच्या कानावर आल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"आई, तू खिडकीत काय करत होतीस?"

"काम."

"ते मला माहितीय. कुणाला झाकत होतीस? एक नाव सांग. मी त्यांना सांगते, विषय संपला."

ताई कणीक मळत राहिल्या.

"म्हणजे परक्या बाईसाठी माझं मोडलं तरी चालेल."

"चालणार नाही," ताई म्हणाल्या. "पण सांगणार नाही." त्या दिवशी पोळ्या जाड झाल्या आणि दोघींनी तशाच खाल्ल्या. वॉर्डाला दोन दारं तरी होती. घरात ताईंना एकही सापडेना.

रविवारी तळेगावची मंडळी आली. गल्लीतलं वडीलधारं माणूस म्हणून ताईंच्या नवऱ्यानं श्रीपाद सरांनाच बोलावलं होतं. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत, चहावर साय धरली तरी कप उचलायचं नाव नाही. पोहे झाले. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली.

"राग मानू नका हं. पण विचारलेलं बरं. तुम्ही तिथं आत होतात, असं कानावर आलं."

वल्लरीनं आईकडे पाहिलं. सरांनी फरशीकडे. त्यांनी एक शब्द बोलायचा अवकाश होता. त्यांनी सायीसकट कप तोंडाला लावला. ताईंनी त्यांच्याकडे चुकूनही नजर वळवली नाही. वळवली असती तर त्या बाईंनी तिकडेच बघितलं असतं.

"होते," इंद्रायणीताई म्हणाल्या. "उद्याही सातच्या ड्यूटीला आत असणार आहे. तिथं सोळा बायका आहेत. बावीस वर्षांत तिथल्या एकीनंही मला विचारलं नाही, तू वेडी आहेस का म्हणून. हे विचारतात ते फक्त बाहेर."