भैरवी लागली आणि आम्ही उठलो

मंडळी, आज आम्ही देवबागकरांनी आपल्याच माणसाला दुखावलं.

आमच्या किनाऱ्यावर चित्रीकरण झालेला एक संथ, कमी बोलणारा सिनेमा दुपारी देवळाच्या सभागृहात दाखवला. शेजारच्या सुमनकाकीचं त्यात छोटंसं काम आहे, म्हणून अख्खी वाडी हौसेने आली होती.

नाचगाणी नाहीतच, मधूनमधून नुसतं शास्त्रीय गायन. अर्ध्यावर पडदा काळा झाला आणि भैरवी सुरू झाली. आमच्याकडे भजनात भैरवी लागली की कार्यक्रम संपला! सगळ्यांनी हात जोडले, चपला शोधल्या आणि बाहेर पडलो. मीसुद्धा.

चहा घेताना कोणीतरी म्हणालं, "काकीचा काम कापल्यानी वाटता. पण काकी खंय आसा?"

मी आत धावले. सिनेमा चालूच होता. रिकाम्या खुर्च्यांमध्ये काकी एकटीच उभी होती. तिचा प्रसंग नुकताच होऊन गेला होता.

"माका पण वाटला, पिच्चर संपलो," ती म्हणाली. "उठतच होतंय, तेवढ्यात पडद्यार मीच दिसलंय गो."

आता तुम्हीच सांगा, "काकी, छान काम केलंस" असं तिला कुठल्या तोंडाने म्हणू?