आंबा घाटातली कळशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईला नाही. देवापुढेसुद्धा पुटपुटले नाही — त्याला ठाऊक असेलच म्हणून सोडून दिलं. सोयीचा देव, दुसरं काय!

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. नाताळच्या सुट्टीत यांनी — माझ्या वकील नवऱ्याने — भाड्याची मोटर ठरवली. सोलापूरहून कोल्हापूर, तिथून आंबा घाट उतरून रत्नागिरी. सासूबाईंना मरण्याआधी समुद्र पाहायचा होता. मरण्याची काही चिन्हं नव्हती, पण तसं म्हटल्याशिवाय त्यांचं कुठलंच काम पुढे सरकत नसे. मी तर सिद्धेश्वराच्या तळ्यापलीकडे पाणीच पाहिलं नव्हतं. कोल्हापुरात रंकाळा दिसला आणि तोच समुद्र समजून मी हात जोडले! सगळे हसले, मीही हसले. किती आनंदात होतो आम्ही.

सासूबाईंचं सोवळं कडक. वाटेत त्या फक्त स्वतः भरलेलं पाणी पीत. धाबळीत गुंडाळलेली तांब्याची कळशी त्यांच्या पायाशी असे आणि तिला कुणी शिवायचं नाही. आणि मी? नवी सून. मला पाणी मागायचीही चोरी.

घाटात मोटर तापली, वाफा निघाल्या. ड्रायव्हर दस्तगीर डबा घेऊन ओढ्यावर गेला. हे आणि सासूबाई कड्यावरून खालचं कोकण बघायला गेले. मला वळणांनी उलटी झाली होती, म्हणून मी गाडीतच. घशाला कोरड — आणि कळशी समोर. दोन घोट घेतले तर कुणाला कळणार आहे? मी कळशी तोंडाला लावली. तोंडाला! वरून ओतून प्यायचंही भान राहिलं नाही. खाली ठेवते तो समोर दस्तगीर, हातात भरलेला डबा. त्याने पाहिलं, नजर वळवली आणि इंजिनात पाणी ओतू लागला.

सासूबाई परतल्या. धाबळी ओली.

"कळशीला कोण शिवलं?"

गप्प राहिले असते तर — नाही, तेही वाईटच झालं असतं. पण मी गप्पसुद्धा राहिले नाही. मी म्हणाले, "ड्रायव्हरनं मोटरीत ओतलं, वाटतं."

"नै माजी, मैं तो नाले का पानी लाया." डबा अजून त्याच्या हातात ठिबकत होता. त्या डब्याकडे कुणी पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मला पिताना पाहिल्याचं एका शब्दाने बोलला असता तर? बोलला नाही. का, ते मला आजही माहीत नाही. सासूबाईंनी कळशी रस्त्यावर उपडी केली आणि माझा जीव भांड्यात पडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

रत्नागिरीत विहिरीवर स्वतः पाणी शेंदेपर्यंत त्या तहानलेल्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र लुगडं वर खोचून लाटांत उभ्या राहिल्या आणि पोरीसारख्या ओरडल्या. मीही ओरडले. मजा आली हो मला — हेही कबूल केलं पाहिजे. दस्तगीरला यांनी तिथूनच परत पाठवलं होतं. पुढे मोटरीच्या मालकाने त्याला कामावरून काढलं, हे यांनी एकदा जेवताना सांगितलं. मी भात वाढत होते. वाढत राहिले.

आता मला दोन मुली आहेत. सासूबाईंचं सोवळं सैल झालंय, नाती त्यांच्याच फुलपात्रातून पाणी पितात. आणि त्यांना पुन्हा समुद्र पाहायचाय — पुन्हा मरण्याआधी! यांनी टेंभुर्णीची एक मोटर ठरवली. परवा मोटरवाला दिवस नक्की करायला घरी आला. दाढी पिकलेली, मोटर स्वतःची. यांनी ओळखलं नाही. मी ओळखलं. घर कुणाचं हे त्याला ठाऊक असणारच, तरी आला होता. जाताना दारात मला विचारलं, "माजी अच्छे हैं?"

मी नुसती मान हलवली. पण त्या क्षणापासून मला हलकं वाटतंय, कारण आता काय करायचं ते मला कळलंय.

उद्या सकाळी मोटर दारात येईल. तीच कळशी मी चिंचेने लख्ख घासून ठेवली आहे. सामान चढण्याआधी ती हातात धरून मी सासूबाईंना सांगणार आहे — यांच्यासमोर, मुलींसमोर आणि मुख्य म्हणजे दस्तगीरसमोर — की त्या दिवशी पाणी मी प्यायले आणि खोटंही मीच बोलले. मग त्याला मोटर वळवून परत जायचं असेल, तर तो जाईल.