उमेदवाराची चार दारं

मिस्त्रींनी जन्मभर दारं बसवली. काम पुरं करून देताना त्यांचा एक नेम होता. सगळी दारं एकदम सताड उघडायची, कुठलं कुठे घासतंय का बघायचं, मगच हत्यारं आवरायची.

निवडणूक लागली आणि उमेदवाराने त्यांना प्रचार कचेरीत बोलावलं. खोली एक, दारं चार हवी होती. रस्ता रुंद करा म्हणणारे ठेकेदार एका दारातून येणार, करू नका म्हणणारे दुकानदार दुसऱ्यातून. ट्रकवाल्यांना तिसरं, सायकलवाल्यांना चौथं. कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही.

"साहेब, भिंतच उरत नाही."

"भिंतीला मत असतं का, मिस्त्री?"

मिस्त्रींचा जीव मात्र त्या रस्त्यात अडकला होता. त्यांचं दुकान अगदी कडेला. रस्ता रुंद झाला की दुकान गेलंच. चौकट ठोकताना सगळं कानावर पडायचं. ठेकेदारांना साहेब म्हणायचे, "झालंच समजा." दार लागलं की खुर्ची गर्रकन फिरवून दुकानदारांनाही, "झालंच समजा."

"अहो, सगळं गाव विचारून जातंय," बायको करवादली. "तुमच्याच तोंडाला कुलूप का?"

शेवटच्या दिवशी त्यांनी धीर केला. "साहेब, माझं दुकान राहील ना?"

"मिस्त्री, झालंच समजा!"

मिस्त्रींनी शेवटचा खिळा ठोकला.

बाहेर चारही दारांशी माणसं ताटकळत होती. पण नेम तो नेम. मिस्त्रींनी भराभर चारही दारं उघडली. दारं गुण्यागोविंदाने उघडली, एकही घासलं नाही.

"तुम्ही इथे कसे?"

"आधी तुम्ही सांगा!"

"साहेब, रस्ता रुंद होणार की नाही?"

साहेब खुर्चीत भोवऱ्यासारखे फिरू लागले. ज्याच्याकडे तोंड यायचं त्याच्याकडे बघून हसायचे. "मिस्त्री, बंद करा ती दारं!"

"रंग ओला आहे. आत्ता लावली तर चिकटतील."

"मग मला एक पाचवं करून द्या," साहेब कुजबुजले. "बाहेर पडण्यापुरतं. लगेच!"

मिस्त्रींनी करवत, रंधा, हातोडी पिशवीत भरली.

"झालंच समजा," ते म्हणाले, आणि दुकानदारांच्या दारातून बाहेर गेले. गेले म्हणजे उंबऱ्यापलीकडे त्यांच्यातच उभे राहिले. पिशवी खाली ठेवली.

"हं, साहेब. आता रस्त्याचं बोला."