अंगठा घेत नाही

डॉक्टरांनी "याशिवाय दुसरं काही घेता का?" असं विचारल्यावर तुम्ही खरं उत्तर देता का? केबिनमध्ये आणखी चार माणसं बसलेली असताना आणि त्यांतलं एक तुमचंच गिऱ्हाईक असताना देता?

माझे बाबा देत नव्हते. जवळा बाजारला त्यांचं बियाणं, खत आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. त्यांना सात वर्षांपासून शुगर आहे. ते ठाऊक होतं फक्त आईला, मला आणि हिंगोलीच्या डॉक्टरांना. शेठला शुगर आहे असं एकदा बाजारात पसरलं की खताच्या कंपनीचा माणूस विचारतो, पुढं दुकान कोण बघणार. नातेवाईक विचारतात, पोरीचं कधी उरकता. म्हणून गोळी घरात घ्यायची आणि दुकानात, प्रत्येक ओळखीच्या गिऱ्हाइकाबरोबर, गोड चहा प्यायचा. बिनसाखरेचा मागितला की हॉटेलवाल्याला कळणार, आणि हॉटेलवाल्याला कळलं की सगळ्यांना कळणार. दिवसाला दहा-बारा चहा व्हायचे.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा कॉलेजात असताना पत्रकं वाटायचे. हुंडा, दारू, अंगात येणं, गावची सार्वजनिक विहीर, असे त्यांचे विषय. त्यांची एक पत्र्याची पेटी भरून पत्रकं घरात होती. मला अक्षरं कळली ती त्या जाड ठशांच्या मथळ्यांवरून. त्यामुळे मला कुठलीही गोष्ट पटली की ती छापावीशी वाटते, आणि कुठलीही गोष्ट चुकीची वाटली की ती आधी छापावीशी वाटते.

दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी टेम्पोवर भोंगा लावून एक माणूस शुगरची पुडी विकायला यायचा. चाळीस दिवसांत गोळी सुटेल म्हणायचा. मी आणि माझ्या मैत्रिणींनी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं. खाली मी लिहिलं होतं, "शिकूनसवरून पुडी खाणाऱ्याला अडाणी नाही तर काय म्हणायचं?" या वाक्याचा मला फार अभिमान होता. बाबांनी तो गठ्ठा गल्ल्याशेजारी ठेवला, वर अर्ध्या किलोचं माप ठेवलं, आणि महिनाभर प्रत्येक पावतीबरोबर एकेक पत्रक दिलं. टेम्पो यायचा बंद झाला.

या वर्षी पेरणीच्या आधी व्यापाऱ्यांच्या संघटनेनं हिंगोलीत एका मंगल कार्यालयात व्याख्यान ठेवलं होतं. विषय होता व्यस्त उद्योजकांसाठी समग्र आरोग्य. बाबांना मीच ओढून नेलं. वक्ते पांढरे बूट घालून आले होते. ते वाईट बोलले नाहीत. डॉक्टरचं औषध, आयुर्वेद, आहार, झोप, श्वास, हे सगळं एकमेकांच्या हातात हात घालून चाललं पाहिजे, असं म्हणाले. साखर सोडा, वेळेवर जेवा, कामं वाटून द्या. बाबांनी एकच प्रश्न विचारला. दुकानात अंगठा एकाच माणसाचा चालत असेल तर काम वाटायचं कसं? वक्त्यांना प्रश्न कळला नाही. हॉल हसला, कारण हॉलला कळला होता.

अनुदानाचं खत सरकारनं दिलेल्या अंगठ्याच्या यंत्रावरच विकावं लागतं. आधी दुकानदाराचा अंगठा, मग घेणाऱ्याचं आधार आणि अंगठा. थोडा वेळ यंत्राकडं लक्ष दिलं नाही की ते पुन्हा दुकानदाराचा अंगठा मागतं. परवाना बाबांच्या नावावर, अंगठा बाबांचा. मी बिलं करू शकते, पोती मोजू शकते, पण त्या खुर्चीत बसू शकत नाही. पेरणीच्या दिवसांत सकाळी आठपासून रांग लागते. बाबा तीन बाजूंनी पोती आणि समोर काउंटर अशा जागेत बसतात. बाहेर यायचं तर उजवीकडचं पोतं सरकवावं लागतं. त्यांचा डबा चारला उघडतो, कधी पाचला. दहा पावलं चालायचीही त्यांना सोय नसते, आणि व्याख्यानात पावलं हजारांनी मोजत होते.

तरी त्यांनी एक गोष्ट मनावर घेतली. साखर सोडली. हॉटेलवाल्याला पित्त झालंय म्हणून सांगितलं आणि चहाच बंद केला. मला आनंद झाला.

तो बाजाराचा दिवस होता. दुपारचे अडीच वाजले असतील. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. बाबांनी यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्रानं घेतला नाही. पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. त्यांच्या अंगठ्याला घाम सुटला होता. पुसला तरी परत सुटत होता.

"सरवर डाऊन हाय का शेठ, का तुमीच डाऊन हाव?" रांगेतून कुणी तरी म्हणालं. लोक हसले. बाबाही हसले, पण उशिरा.

मी पुसायला रुमाल पुढे केला. बाबांनी माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आधार दाखवा."

मला वाटलं गंमत करतायत. मी हसले. त्यांनी परत, तितक्याच अदबीनं, मी गिऱ्हाईकच असल्यासारखं माझ्याकडं आधार कार्ड मागितलं.

रांगेत पुढं सिद्धेश्वर गावाकडची एक म्हातारी होती. युरियाच्या दोन गोण्यांसाठी सकाळपासून उभी. तिनं काउंटरवरून वाकून बाबांचा हात धरला, चेहरा बघितला आणि मला विचारलं, "पोरी, याला शुगर हाय का?"

समोर चाळीस माणसं होती. आजवर मी भोंग्यासमोर उभी राहून बोलले आहे, पोलिसांसमोर बोलले आहे. पण घरातली ही एक गोष्ट बाजारात म्हणायला माझं तोंड उघडेना.

"काहून गप उभी हायेस? बाप जाऊन राहिला तुझा."

"व्हय," मी म्हणाले. "शुगर आहे."

"साखर उतरली याची," म्हणत म्हातारीनं पिशवीतून गुळाचा खडा काढला, फोडला आणि बाबांच्या हातात देऊन खायला लावला. हॉटेलातून साखर घातलेला चहा आला. पंधरा-वीस मिनिटांनी बाबांनी मला नावानं हाक मारली. रांग तोवर हलली नव्हती.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं हिंगोलीला गेलो. केबिनमध्ये नेहमीप्रमाणे आणखी पेशंट बसलेले. एकानं बाबांना सोयाबीनचं कुठलं बियाणं आलंय तेही विचारून घेतलं. डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारलं, याशिवाय दुसरं काही घेता का.

"न्हाई," बाबा म्हणाले.

आईनं पर्स उघडली. बियाण्याच्या नमुन्याची एक छोटी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत बियाणं नव्हतं, हिरवट चूर्ण होतं. कळमनुरीच्या एका वैद्यबाईंकडून बाबा सहा महिने ते आणत होते. रोज सकाळी गोळीबरोबर घेत होते.

बाबा डॉक्टरांकडं न बघता माझ्याकडं बघत होते.

"तूच लिव्हलं व्हतं ना माय, पुडी खाणारा अडाणी. ते पत्रक माझ्या हातानं वाटलं मी. मग घरात कोन्त्या तोंडानं सांगू?"

मी ती पिशवी डॉक्टरांकडं सरकवली.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी बाबांकडून नंबर घेऊन वैद्यबाईंना फोन लावला. डॉक्टरांच्या सात वर्षांत आणि बाईंच्या सहा महिन्यांत ही दोन माणसं पहिल्यांदा बोलत होती. बाईंनी सुरुवातीलाच गोळीबद्दल विचारलं होतं, असं निघालं. गोळी माझ्या सांगण्यावरून बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांना माझ्याबद्दल सांगा, असंही त्या म्हणाल्या होत्या. बाबांनी त्यांना सांगितलं होतं की गोळी डॉक्टरांनीच बंद केलीय. बाईंना बरं वाटावं म्हणून. म्हणजे बाई प्रामाणिक, डॉक्टर प्रामाणिक, पांढऱ्या बुटांचे वक्तेही खोटं बोलले नव्हते. गोळी, चूर्ण, साखर सोडणं, यातलं प्रत्येक आपापल्या जागी बरोबर होतं. पण तिन्ही मिळून बाबांची साखर किती उतरेल, ही बेरीज कुणी केली नव्हती, कारण ती करायला लागणारी माहिती एकाच माणसाकडं होती, आणि त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून गप्प बसवलं होतं. त्यात मी मोठ्या टायपात होते.

पुडीवाला टेम्पो ठगच होता, हे मी अजूनही म्हणते. पण माझ्या त्या वाक्यानं ठग पळाला आणि माझा बाप लपला.

फोनवर दोघांचं ठरलं. गोळीची मात्रा कमी, चूर्ण सध्या बंद, पंधरा दिवसांनी दोघांनी मिळून पुन्हा बघायचं. आणि एका गोष्टीवर दोघांचंही एकमत होतं. दुपारी एक वाजता जेवण, रोज, न चुकता. डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर लिहून खाली रेघ ओढली. गोळी मेडिकलात मिळाली. दुपारचं जेवण कुठं मिळतं ते चिठ्ठीवर नव्हतं.

मी पाटी रंगवली, एक ते दीड जेवणाची सुट्टी. पहिल्याच दिवशी बाबांनी शटर अर्ध्यावर ओढलं, पोत्यांच्या मागं डबा उघडला. दुसऱ्या घासाला शटरवर थाप पडली. एकच गोणी पाह्यजे शेठ, गाडी उभी हाय. बाबा उठले, भाकरीचा हात लुंगीला पुसला, यंत्रावर अंगठा ठेवला. मग दुसरा आला. डबा चारला उघडला तेव्हा भाजीवर माशा बसल्या होत्या. त्यानंतर रोज असंच चाललंय. मी शटरजवळ उभी राहून भांडते, तेव्हा बाबाच मला गप्प करतात. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल, म्हणतात. ते जातंही. मी पाहिलंय. शुगरची बातमी पसरून फार काही बिघडलं नाही, हे खरं. पण बाबा आत आहेत तिथेच आहेत, तीन बाजूंना पोती आणि समोर आपण.

म्हणून मी हे बाबांना उद्देशून लिहीत नाही. त्यांना सगळं कळलंय आणि त्यांच्या हातात त्यातलं थोडंच आहे. तुमच्या हातात जास्त आहे. तुम्ही दुपारी एखाद्या दुकानात गेलात आणि आतला माणूस जेवताना दिसला, तर थाप मारू नका. शेजारच्या दुकानात जाऊ नका. त्याला मोठ्यानं सांगा, "जेवा सावकाश, मी थांबतो." आणि खरंच वीस मिनिटं थांबा. तुमच्या मागं कुणी आलं, तर त्यालाही थांबवा.