उजव्या सीटखालची तोटी

किशोर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचा एसी हवा गार करायला लागेपर्यंत दार उघडं ठेवून बाहेर उभा होतो. चँडलरच्या अमेरिकन वाळवंटात मे महिन्यात सगळेच तसे उभे असतात. अलकावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, किशोर गेला. झोपेतच." मी "बरं" म्हणालो. मग गाडीत बसलो, पट्टा लावला आणि त्यांच्या घरी गेलो. पुढचे दिवस मी पुष्कळ कामं केली. भारतात फोन लावले, विमानतळावर माणसं आणायला गेलो, कोणाच्या गाड्या कुठे लावायच्या ते पाहिलं. लोक म्हणाले, तुझा केवढा आधार झाला. मला काही वाटतच नव्हतं, म्हणून जमलं, हे कोणाला सांगणार?

किशोर नागपूरचा, मी पुण्याचा. दोघंही एकाच कंपनीत, एकाच कामावर. इलेक्ट्रॉनिक चिपमधली उष्णता बाहेर कशी काढायची, हा आमचा पोटापाण्याचा विषय. दिवसभर उष्णतेशी भांडायचं आणि संध्याकाळी भट्टीसारख्या पार्किंगमध्ये यायचं. "नागपूर सोडून एवढ्या दूर आलो बे, अन् पुन्हा उन्हातच," असं तो दर उन्हाळ्यात म्हणायचा. मला तो नावाने क्वचितच हाक मारी. पुणेकर म्हणे.

या माणसाने २००३ साली बर्फावर चालणारी एक जुनी गाडी विकत घेतली. चाकांच्या जागी रणगाड्यासारखे रुंद पट्टे, वर डब्यासारखी केबिन, रंग उडालेला केशरी. आमच्या जन्माच्या सुमाराची असावी. चँडलरमध्ये बर्फ फक्त शीतपेयात असतो. पण दोन-तीन तास उत्तरेला डोंगरात हिवाळाभर बर्फ पडतो, आणि ट्रेलरवर घालून ती तिथे नेता येते, हा त्याचा हिशेब. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी तिचं नाव रणगाडा ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "लोक बोट घेतात, गोल्फ खेळतात. याने भंगार आणलं." किशोर म्हणाला, "भंगार नाही, अँटिक आहे."

त्या गाडीचं इंजिन केबिनच्या आत, दोन सीटांच्या मधोमध असतं, पत्र्याच्या पेटीखाली. पहिल्या खेपेला मी त्याच्या शेजारी बसलो तेव्हा बाहेर सगळं पांढरं आणि आत आम्ही दोघं बनियनवर. पेटीला कोपर लागला की चटका बसायचा. शिवाय चढावर थांबून इंजिन बंद केलं की आतल्या उष्णतेने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळायचं, त्याची वाफ व्हायची, आणि ते निवेपर्यंत गाडी काही केल्या सुरू व्हायची नाही. आम्ही बॉनेट उघडल्यासारखी पेटी उघडायचो आणि तिच्या उबेला बसून डब्यातल्या पोळ्या खायचो. त्याला मात्र ते सहन होईना. "आपण हेच काम करून राहिलो ना बे दिवसभर? मग?"

दोन हिवाळे तो या एकाच गोष्टीमागे होता. एक्झॉस्टच्या पाइपला काचतंतूची पट्टी गुंडाळली. पाइप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा बसवला. पेट्रोलची नळी लांबून फिरवून आणली. पेटीला आतून जाड अस्तर लावलं, फटी बुजवल्या, बाहेरची हवा आत खेचणारा पंखा बसवला, जो इंजिन बंद झाल्यावरही थोडा वेळ चालत राही. शनिवारी मी त्याच्या गराजमध्ये स्क्रू धरून उभा असायचो आणि अक्कल शिकवायचो. तो म्हणायचा, "पुणेकर, तू फक्त टॉर्च धर."

मग एका जानेवारीत आम्ही पुन्हा वर गेलो. इंजिन कुठेही थांबवा, लगेच सुरू होई. पेटीवर तळहात ठेवता येत होता. पण केबिन गोठली होती. ती सगळी ऊब त्या पेटीचीच होती, आणि ती आम्ही दोघांनी मिळून बाहेर काढून टाकली होती. आयुष्यभर उष्णतेला शत्रू मानणाऱ्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की बर्फातल्या गाडीत थोडी ठेवावी. तो हसत सुटला. मीही हसलो. पण परतेपर्यंत माझ्या पायांना बोटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. मी म्हणालो, "किशोर, तू माझे पाय मारलेस." नंतर चार लोकांत तो किस्सा मी रंगवून सांगितला, आणि पुढच्या हिवाळ्यात एकदाही गेलो नाही.

तो विचारायचा. मी कॅन्सल करायचो. मुलीची परीक्षा, पाहुणे, पाठदुखी. "ये ना यार, आता थंडी नाही वाजत," तो म्हणाला होता. मला वाटलं, काहीतरी सांगून न्यायला बघतोय. म्हणालो, "पुढच्या सीझनला नक्की." तो एकटाच जाऊन आला.

जून संपता संपता वहिनींनी बोलावलं. डोंगरावरून कोणी गिऱ्हाईक येणार होतं, आणि ती गाडी चालू करून दाखवणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. "द्यायची की ठेवायची, ते तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवता ठेवता, "भाऊजी, मागच्या हिवाळ्यात तुम्ही का नाही गेलात हो त्याच्याबरोबर?"

"थंडी वाजायची."

"तेवढंच?"

"तेवढंच."

त्यांनी मान हलवली आणि साखर पुढे केली. त्यांनी चिडायला हवं होतं.

गिऱ्हाईक म्हणजे उंचनिंच, मितभाषी गोरा म्हातारा. त्याला चालकाच्या जागी बसवून मी माझ्या नेहमीच्या सीटवर, उजवीकडे बसलो. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. पण गाडी उभी, वर जूनचं ऊन. थोड्या वेळात तापमानाचा काटा चढायला लागला. म्हाताऱ्याने काट्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांखाली बोट केलं. "ही तोटी कशाची?"

सीटखाली एक पितळी तोटी होती. मी ती पूर्वी कधी पाहिलेली नव्हती. फिरवली. इंजिनातलं गरम पाणी कुठल्याशा जुन्या मोटारीच्या हीटरमधून खळखळत गेलं, छोटा पंखा घरघरला, आणि माझ्या पावलांवर गरम हवा आली. काटा खाली उतरू लागला. जी उष्णता फेकून द्यायची, ती किशोरने माझ्या पायांशी आणून सोडली होती.

म्हातारा वाकून स्वतःच्या पायाशी चाचपत होता. "माझ्या बाजूला नाही," तो म्हणाला. "एकाच बाजूला का बसवलंय?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

तो उतरून वहिनींशी बोलायला गेला. त्यांनी तिथूनच माझ्याकडे पाहिलं. देऊन टाका, असं मी हाताने सांगितलं. ती गाडी बर्फातच असायला हवी. इंजिन बंद करायला मी हात पुढे केला आणि मागे घेतला. शर्ट अंगाला चिकटला होता, घाम डोळ्यांत उतरत होता. बूट काढून मी पावलं त्या हवेसमोर धरली. रडू आलं नाही. पाय भाजत होते, ते कळत होतं.

वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन दाराशी आल्या. "भाऊजी, उतरा आता. किती तापलंय आत."

"येतो," मी म्हणालो, आणि तोटी तशीच चालू ठेवून बसून राहिलो.