हात वर झाला की थांबायचं

शके १७३२, कार्तिक वद्य द्वितीया, सकाळ. ठिकाण कसबा पेठ, आमच्या घरापुढचा रस्ता. निरोप द्यायला हजर: दादा, म्हणजे माझे वडील, आई, आमच्या सरदारांचे मुख्य कारकून नारोपंत. गाडीवान हडपसरचा म्हादू. जाणारे: मी आणि माझी बायको यमुना. ओझी: दोन पेट्या, तांदळाचं पोतं, अंथरुणाची वळकटी, दशम्यांचं गाठोडं.

मी गाडीभोवती फिरून ओझी पुन्हा मोजत होतो. म्हादू वैतागला. “बोजी कशापायी मोजताय, मालक? ती काय उठून पळत्यात व्हय? माणसं मोजा.”

सरदारांचा हुकूम होता की मी मुंबईस जाऊन इंग्रजी शिकावं. इंग्रजांची पत्रं इंग्रजांच्याच मुनशीच्या तोंडून ऐकण्यात आता त्यांना शहाणपण वाटत नव्हतं. निघताना नारोपंत म्हणाले, “लवकर या, सदोबा. तुमच्यावाचून दफ्तर ओस पडेल अशा भ्रमात मात्र राहू नका.” दादा एवढंच म्हणाले, “शिकून ये. घर तुझंच आहे.” ते वाक्य पुरं झालं असं मी समजलो.

पुणेकरांनो, तुमच्यातले काहीजण पुण्यात राहिलात, आणि काहीजण माझ्यासारखेच बोरघाट उतरून खाली आलात. दोघांनाही हे लिहितो आहे, आणि रागानं लिहितो आहे, हे आधीच सांगतो.

मुंबईत कोटाजवळ एक म्हातारे पारशी गृहस्थ मला शिकवायचे. पुण्यात मी मांडी घालून, गुडघ्यावर कागद धरून मोडी लिहायचो. ओळ सुरू झाली की बोरू उचलायचा नाही. इथे मेज, खुर्ची, पिसाची लेखणी आणि वाक्य संपलं की टिंब. शब्द मला लवकर आले, पण वाक्य येईना. सहा ओळींचं एक वाक्य, त्यात कोण कोणाला काय सांगतो आहे ते कळायचं नाही. गुरुजी म्हणायचे, “घाई कशाला करतोस? आधी तुकडे कर.” तेव्हा मला म्हादू आठवला आणि तुकड्यांत मी माणसं आणि ओझी शोधू लागलो.

‘घाटाखाली’, ‘भल्या पहाटे’, ‘दोन ओल्या पेट्यांसह’ ही ओझी. त्यांत कोणी काही करत नाही. दुसऱ्यानं उचलली तरच ती हलतात. ‘गाडी सुटली’ हा चालता माणूस. कर्ता आहे, क्रिया आहे, एकटा उभा राहतो. तिसरा प्रकार फसवा. ‘पाऊस थांबला तर’ यातही कर्ता आहे, क्रिया आहे, पण तो एकटा निघत नाही. दुसऱ्याचा हात धरूनच चालतो, आणि ज्याचा हात धरतो त्याची वाटही तोच ठरवतो. आपल्याकडे हा हात धरणारा बहुधा पुढे चालतो: अमुक झालं तर तमुक करू. इंग्रजीत तो पुष्कळदा मागून येतो. मुख्य माणूस दाराबाहेर पडलेला असतो, आणि मग मागून आवाज येतो, थांबा, एक अट आहे. हे कळलं त्या दिवशी मी यमुनेला म्हणालो, “चला, आता परत जायला हरकत नाही.” तिनं त्याच संध्याकाळी पेट्या झाडायला घेतल्या.

निघाल्यापासून तीन वर्षांनी पुण्यात परत आलो. दफ्तर तसंच होतं आणि दफ्तराची रीतही तीच. वाचणाऱ्यानं पत्र मोठ्यानं वाचायचं, जसं लिहिलं आहे त्याच क्रमानं, आपल्या पदरचं काही हलवायचं नाही. पंत डोळे मिटून ऐकणार. क्रियापद आलं, मतलब कळला, की त्यांचा उजवा हात वर. हात वर झाला की वाचणाऱ्यानं थांबायचं आणि लिहिणाऱ्यानं जबाब लिहायला घ्यायचा. मराठी पत्राला ही रीत चालते. मतलब झाल्यावर ‘लोभ असावा’ याखेरीज उरतं काय?

त्या आश्विनात शिरूरकडून येणाऱ्या पलटणीच्या साहेबाचं पत्र आलं. पलटणीचा तळ मांजरीजवळ नदीकाठी पडणार होता. मांजरी गाव सरदारांच्या जहागिरीतलं, म्हणून पत्र आमच्याकडे. आणि मांजरीलाच दादांचा ऊस. मी ते मराठीत करत वाचायला लागलो, रीतीप्रमाणे, लिहिलेल्या क्रमानं: “पलटणीचे बैल मांजरीच्या उसात शिरणार नाहीत…”

हात वर झाला.

“पंत, पुढे अजून आहे.”

“शिरणार नाहीत म्हटलं ना त्यानं? मग झालं. पुढे लोभ असावा असेल.”

“लोभ नाही, अट आहे. पौर्णिमेच्या आत गावानं बैलांसाठी वेगळं कुरण आखून…”

“अहो, इंग्रजी शिकून आलात की वाद घालायला शिकून आलात?” सगळं दफ्तर हसलं. “हात वर आहे, दिसत नाही का? बाहेर बसा जरा. मुंबईचा वारा उतरू द्या.”

जबाब गेला: आभारी आहोत. पत्र इतर कागदांबरोबर दफ्तराच्या रुमालात बांधलं गेलं.

मी तसाच घरी गेलो आणि दादांना सांगितलं की उद्याच मांजरीला चला, कुरण आखू. दादा जेवायला बसत होते. “पंतांनी ऐकलं ना पत्र?” त्यांनी विचारलं.

“अर्धं ऐकलं.”

“त्यांनी अर्धं ऐकलं, तर अर्धंच ऐकण्याजोगं असेल.” आणि माझ्या वडिलांनी, अगदी पंतांसारखाच, हात वर केला.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच मांजरीला गेलो. पाटील म्हणाले, “सरकारचा कागुद हाय का?” कागद रुमालात होता.

पौर्णिमा उलटली, तळ पडला, आणि बैल उसात शिरले. अट कोणी पाळलीच नव्हती, तर साहेबाला बोल लावायला तोंड कुठे होतं? दादांनी त्या उसाला मुलासारखं वाढवलं होतं. बांधावर उभे राहून त्यांनी चिखलात तुडवलेली कांडी पाहिली आणि एक उचलून धोतराला पुसली. पंत सरदारांपुढे म्हणाले: “वाचणाऱ्यानं अट सांगितलीच नाही. मुंबईचं पाणी लागलं त्याला.” त्या दिवशी हसलेल्यांपैकी एकाचंही तोंड उघडलं नाही. तुमच्यातलेच होते ते. हे वाचत असतील, तर वाचोत.

घरी दादा म्हणाले, “घर तुझंच आहे. पंतांचे पाय धरलेस तर.”

आयुष्यभर अट आधी सांगणारा माणूस! इंग्रजीचं अक्षर न शिकता त्यांनी ती इंग्रजासारखी मागून लावली. मी पाय धरले नाहीत. या खेपेस निरोप द्यायला आई तेवढी होती. गाडी म्हादूचीच. कोणीच काही मोजलं नाही.

आता गिरगावात खोली आहे. इथल्या एका इंग्रज साहेबाच्या कचेरीत मी पत्रं वाचतो, तो टिंबापर्यंत ऐकून घेतो. त्याच्याबद्दल मला फार प्रेम आहे असं नाही. पलटण त्याच्याच लोकांची. पण कसब्यात माझं बोलणं कोणी शेवटपर्यंत ऐकलं नाही, आणि इथे परका ऐकतो, हे मला सुखाचं वाटत नाही, संताप येतो. कोणी घर कुठे विचारलं, तर अजून कसबा पेठ हेच तोंडात येतं. घर तेच आहे. तिथे माझं एक वाक्य अर्धं राहिलं आहे, म्हणूनही असेल.

आईचा निरोप आला आहे की दादांना अलीकडे कमी ऐकू येतं. सणाची कामं यमुनेनं आणि मी वाटून घेतली: डाळ भरणे, खोली सारवणे, आईला लुगडं धाडणे. तीनही झाली. माझं एकट्याचं एक राहिलं आहे. पलटणीच्या साहेबाचं ते पत्र मला तोंडपाठ आहे. दादांच्या कानाशी बसून, त्यांचा हात वर झाला तर तो माझ्या हातात धरून, ते शेवटपर्यंत वाचायचं आहे.